घड्याळावरचा पंखवाला मुलगा, स्त्री आणि फुलपाखरू हा समूह कशाचं प्रतीक आहे? घड्याळ सोन्याचं आहे का, आणि तीन वाजता सात ठोके का देतं?

वर्णनावरून हे फ्रेंच एम्पायर धाटणीचं मँटल घड्याळ (शेकोटीवरच्या फळीवर ठेवायचं) वाटतं. ही धाटणी नेपोलियनच्या काळातली (1804–1815), पण नकला पुढे शतकभर निघाल्या. पंखवाला मुलगा क्युपिड, म्हणजे रोमन पुराणातला प्रेमाचा देव, आणि स्त्री त्याची प्रेयसी सायकी. फुलपाखरू म्हणजे आत्मा. क्युपिड ते मशालीच्या ज्योतीजवळ धरत असेल, तर प्रेम आत्म्याला पोळतं असा अर्थ. मशालीची दिशा जरूर बघा: ज्योत वर असेल तर विवाह, खाली असेल तर मृत्यू. मग चौथऱ्यावरची नक्षी पाहा. कबुतरं, गुलाब, बाणांचा भाता असेल तर विषय जुळतो. वर प्रेमी युगुल आणि खाली ढाल-तलवारी असतील, तर मूर्ती नंतर बसवल्याचा संशय घ्या. आतून स्क्रूची जादा भोकं दिसतात का, तपासा.

सोन्याचं नाही, सोन्याचा मुलामा. जुना पाऱ्याचा मुलामा (पाऱ्यात मिसळलेलं सोनं लावून तापवलेला) असेल, तर एकाच तुकड्यावर काही भाग मुद्दाम मंद आणि काही लखलखीत ठेवलेला दिसतो. तळाच्या न दिसणाऱ्या कडेला सुईने हलकं ओरखडून बघा. आत पिवळं निघालं तर काशाचं किंवा पितळेचं, राखाडी निघालं तर जस्ताचं ओतकाम. चिंच-मीठ किंवा पितळेची पावडर चुकूनही लावू नका, मुलामा पातळ असतो. मऊ कोरडा ब्रश पुरे.

ठोक्यांचं म्हणाल तर अशा बऱ्याच घड्याळांत यंत्राच्या मागच्या पट्टीवर खाचांची चकती असते. ती ठोके ओळीने मोजते, काटे कुठे आहेत हे तिला कळतच नाही. ठोक्यांची स्प्रिंग आधी उतरली की ठोके आणि काटे यांचा मेळ तुटतो. मागची तरफ बोटाने अलगद उचलून सोडा, पुढचे ठोके पडतील. काट्याशी जुळेपर्यंत करत राहा. काटे मागे फिरवू नका. ठोक्यांची चावी सहसा डावीकडची असते. ठोक्यांची आणि चालीची, दोन्ही चाव्या एकाच दिवशी द्या.

घड्याळ हलवायचं असेल तर आधी लंबक काढा. 1840 पूर्वीच्या घड्याळांत तो रेशमी दोऱ्यावर लटकतो. दोरा तुटला तर नवा बसवता येतो. पण पावसाळ्यात दमट हवेने दोऱ्याची लांबी बदलून घड्याळाची चाल बदलते, तेव्हा यंत्राला दोष देऊ नका.