सगळी गाणी विकत घेतली, तरी मिक्स का अडवला?

प्रश्न : मी हौस म्हणून डीजे मिक्स करतो. नुकताच एक तासाभराचा मिक्स नेटवर टाकला, तर काही मिनिटांतच तो अडवल्याची सूचना आली. त्यातलं प्रत्येक गाणं मी रीतसर विकत घेतलंय. मिक्समधून मी काही कमवत नाही. खाली 'सर्व हक्क मूळ मालकांचे' असंही लिहिलं होतं. मग चुकलं कुठे? गाण्यांचा वेग थोडा वाढवला तर निभावेल का?

उत्तर : माझाही पहिला मिक्स असाच गेला होता. तीन आठवडे खपून बसवलेला. एका जोडावर तर, बत्तीस ठोक्यांत एक गाणं विरून दुसरं वर यावं म्हणून, मी रात्र काढली होती. सकाळी पाहते तर पान कोरं. त्यामुळे तुम्हाला किती लागलं असेल ते कळतं.

गाणं विकत घेतलं की ते ऐकायची मुभा मिळते, लोकांत वाटायची नाही. शिवाय एका गाण्यात हक्क दोन असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. तो गीतकार-संगीतकारांकडे किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे असतो. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. तो बहुधा लेबलकडे, म्हणजे गाणं बाजारात आणणाऱ्या संगीत कंपनीकडे, असतो. तुमच्या मिक्समध्ये वीस गाणी असतील तर चाळीस हक्क झाले, आणि एकेका रचनेचे तीन-चार वाटेकरी असतात ते वेगळेच. एकट्या माणसाने इतक्या परवानग्या गोळा करणं जवळपास अशक्य आहे. पैसे न कमावल्याने किंवा खाली ओळ लिहिल्याने परवानगीची गरज सुटत नाही. 'दहा सेकंदांपर्यंत चालतं' असंही सर्रास सांगतात. तसा नियम नाही.

म्हणून मिक्स कुठे टाकता याला महत्त्व आहे. यूट्यूबवर 2007 पासून कंटेंट आयडी आहे. ती यंत्रणा तुमचा आवाज मालकांनी दिलेल्या नमुन्यांशी ताडून पाहते. जुळला की मालक ठरवतो : अडवायचा, जाहिरातींचे पैसे आपल्याकडे वळवायचे, की नुसती नोंद ठेवायची. वीसांपैकी एकाने 'अडवा' म्हटलं तरी मिक्स गेला. मिक्सक्लाउड हे संकेतस्थळ मात्र अशा लांब मिक्ससाठीच उभं राहिलं. हक्कदारांशी करार त्यांनीच केलेत आणि रॉयल्टी तेच भरतात. तिथला परवाना ऐकवण्यापुरता आहे, आणि एकाच कलाकाराची खूप गाणी घातलीत तर ऐकण्यावर बंधनं येतात. ॲपल म्युझिकनेही 2021 मध्ये शाझाम या गाणी ओळखणाऱ्या ॲपच्या मदतीने मिक्समधली गाणी ओळखून मूळ हक्कदारांना वाटा द्यायला सुरुवात केली. थेट प्रक्षेपण करणार असाल तर ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळाची 2024 पासून डीजेंसाठी वेगळी योजना आहे. त्यात कमाईचा भाग संगीत कंपन्यांना जातो.

क्रिएटिव्ह कॉमन्सची, म्हणजे काही अटींवर सर्वांना वापरायला आधीच मोकळी केलेली, गाणी वापरताना परवान्यातली अक्षरं वाचा. 'एनडी' (नो डेरिव्हेटिव्हज, म्हणजे बदललेलं रूप वाटायला मनाई) असेल तर ते गाणं मिक्समध्ये मिसळून वाटता येत नाही. हे मी फार उशिरा वाचलं.

आता वेग वाढवण्याबद्दल. असं करू नका, कळकळीने सांगते. यंत्र बऱ्याचदा तरीही ओळखतं. पण समजा नाही ओळखलं, तर त्या गाण्याच्या नावावर काहीच जमा होणार नाही. ज्याच्या ठेक्यावर तुमचा मिक्स उभा आहे, त्याचंच नाव तुम्ही स्वतःच्या हाताने पुसलेलं असेल.

उलट नावं नीट लिहा. मी वहीत मिक्सच्या वेळेनुसार उतरवते : 34.10, कलाकार, गाणं, लेबल आणि रीमिक्स असेल तर कुणाचा. तो शेवटचा रकाना गाळला की नोंद मूळ गाण्याच्या खात्यावर जाऊ शकते आणि रीमिक्स करणारा बाहेर राहतो. यंत्राला न सापडलेलं गाणं पुष्कळदा छोट्या, स्वतःच प्रकाशित करणाऱ्या कलाकाराचं असतं. अशांना मी थेट पत्र लिहून विचारते. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. एकाने तर नुसत्या ठेक्याची फाइलच पाठवून दिली होती. तुमच्या यादीत असं कुणी असेल तर सुरुवात तिथूनच करा, आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.