देवाला पहिलं स्थान: सुरुवात कुठून करायची?

देवाला आयुष्यात पहिलं स्थान द्यायचं ठरवलंत, हा उत्साह छान आहे, पण पहिल्याच आठवड्यात पहाटे चारचा गजर, उपास आणि उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून अख्खं बायबल असं सगळं अंगावर घेऊ नका. बरेच जण लेवीय या नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोचून अडकतात.

- सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी दहा मिनिटं. मार्कचं शुभवर्तमान (बायबलमधलं येशूच्या जीवनावरचं पुस्तक) घ्या, अध्याय 16च आहेत. थोडंच वाचा, त्यातलं एखादं वाक्य धरून प्रार्थना करा. आधी आभार, मागण्या मागाहून.
- रविवारची उपासना चुकवू नका.

एखादा दिवस हुकला तर दुप्पट वाचून भरपाई नको. तिथूनच पुढे चला. आणि प्रार्थनेत कुणी हाक मारली म्हणून घरच्यांवर खेकसणं, ही नवख्यांची हमखास चूक! मत्तय 6:33 (आधी देवाचं राज्य शोधा, असं सांगणारं वचन) पाठ करून ठेवा. दशांश (कमाईचा दहावा भाग देवाला देणं), लांबचे उपास वगैरे नंतर बोलू.