कोकणात गोड ज्वारी लावून घरगुती इथेनॉलवर पंप चालवता येईल का?

राजापूरकडे एकरभर जागा आहे, गोड ज्वारीच्या इथेनॉलवर पेट्रोल इंजिनाचा पाण्याचा पंप चालेल का, असं तुम्ही विचारलंय. पीक येईल. पंपाचं सोडा.

मी भात कापल्यावर दहा गुंठ्यांत लावली होती, विहिरीच्या पाण्यावर. पावसाळ्यात लावू नका. आपल्याकडच्या ३,००० मिलिमीटरात मुळं कुजतात, उरलेलं वारा आडवं करतो. हिवाळ्यात दिवस लहान, त्यामुळे ताटं लवकर फुलोऱ्यात येतात आणि उंची मार खाते. कणसं पोपटांनी नेली. नेऊ देत, साखर ताटात असते.

खरी गोची रसात. रस काढायचा चरक मिळाला संध्याकाळी, रस रात्रभर पिंपात राहिला, आणि मार्चच्या उकाड्यात सकाळी त्याला आंबट वास. साखर जिवाणूंनी खाल्ली होती. साखरेचं अल्कोहोल करणारं यीस्ट आधी हाताशी हवं, रस नंतर.

हिशेब असा: टनभर ताटांतून साध्या चरकावर साधारण ४०० लिटर रस, त्यात ५० किलो साखर. १ किलो साखरेतून कागदावर ०.६४ लिटर अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल, निघतं. सांडलवंड धरून टनामागे २५ लिटर समजा. आंबलेल्या रसात अल्कोहोल जेमतेम ६-७ टक्के, म्हणजे जळण जाणार ते पाणी तापवण्यात. शिवाय कितीही गाळा, ९५-९६ टक्क्यांपुढे साध्या भट्टीत जात नाही. तसलं पेट्रोलमध्ये ओतलंत तर पाणी खाली बसतं. आपली दमट हवा त्यात भरच घालते.

आणि परवाना! १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याशिवाय भट्टी लावणं गुन्हा आहे, मग ते पंपासाठी असो की पिण्यासाठी. म्हणून मी आंबवण्यापाशीच थांबलो.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात याच रसापासून सूर्याच्या उष्णतेवर अल्कोहोल काढलं. पुढे निम्मं पाणी असलेल्या अल्कोहोलवर त्यांनी कंदील आणि स्टोव्ह पेटवले. मला ती दिशा जास्त पटते: चुलीला ९९ टक्के शुद्धता लागत नाही, पेट्रोलमध्ये मिसळायला लागते.

माझं म्हणाल तर दुसऱ्या खेपेच्या रसाची मी काकवी केली. घावण्यांबरोबर पंधरा दिवसांत संपली. चिपाडं म्हशीने संपवली.