स्टिरॉइडमुळे झालेल्या न्यूमोनियावर पुन्हा स्टिरॉइडच का देतात?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वडील संधिवातासाठी बरेच महिने स्टिरॉइड घेत होते. त्यांना न्यूमोकिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया झाला. स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती दबली म्हणून झाला, असं डॉक्टर म्हणाले आणि उपचारात मात्र औषधाबरोबर पुन्हा स्टिरॉइडच दिलं. हे कसं काय? आणि शंभर वर्षांपासून माहीत असलेल्या जंतूवर संशोधक अजून शोधतात तरी काय?

मी गेली काही वर्षं याच बुरशीवर काम करते. पेशंट तपासत नाही, पेशंटच्या फुफ्फुसातून आलेलं पाणी तपासते. त्यामुळे वडिलांच्या उपचाराबद्दल शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा. मी त्यामागचं शास्त्र तेवढं सांगते.

तुमच्या पहिल्या प्रश्नातच या आजाराचं मर्म आहे. न्यूमोकिस्टिस ही फार शांत बुरशी आहे. ती वायुकोशांच्या, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, पातळ अस्तराला चिकटते आणि तिथल्या तिथे वाढत राहते. मग माणसाला इतकी धाप का लागते? याचं उत्तर ज्या प्रयोगांतून मिळालं ते मला आजही थक्क करतात. ज्या उंदरांमध्ये जन्मतःच टी आणि बी पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) नसतात, त्यांना या बुरशीची लागण होऊ दिली. फुफ्फुसं बुरशीने भरत गेली, तरी ते उंदीर बराच काळ जवळजवळ नीट श्वास घेत होते. मग त्यांना निरोगी उंदरांच्या रोगप्रतिकारक पेशी टोचल्या. बुरशी कमी होऊ लागली आणि त्याच वेळी उंदीर धापा टाकू लागले. म्हणजे श्वास कोंडतो तो बराचसा आपल्याच पेशींनी बुरशीवर केलेल्या हल्ल्यामुळे. त्या दाहात वायुकोश सुजतात, पाझरतात आणि ऑक्सिजन रक्तात उतरेनासा होतो.

आता वडिलांचं बघा. महिनोन्‌महिने स्टिरॉइड चालू असताना टी पेशी दबलेल्या होत्या, म्हणून बुरशीला वाढायला मोकळं रान मिळालं. औषध सुरू झालं की ती मरायला लागते, तिच्या पेशीच्या भिंतीचे तुकडे वायुकोशांत सुटतात आणि उरलीसुरली प्रतिकारशक्ती त्या तुकड्यांवर तुटून पडते. उपचाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत पेशंट सुधारण्याऐवजी खालावतो तो यामुळेच. नातेवाईकांसाठी ते दिवस फार कठीण असतात. औषध चुकलं की काय असं वाटतं. त्या दिवसांतला दाह आवरायला स्टिरॉइड देतात. एचआयव्ही असलेल्या रुग्णांत हे पक्कं सिद्ध झालंय: रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब ७० मिमी पाऱ्याच्या खाली असेल, तर उपचार सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत स्टिरॉइड दिल्याने जीव वाचतात. तुमच्या वडिलांसारख्या, एचआयव्ही नसलेल्या रुग्णांत बुरशी कमी आणि दाह जास्त असतो, आजार झपाट्याने वाढतो आणि मृत्यूचं प्रमाणही जास्त असतं. त्यांच्यात स्टिरॉइडचा फायदा तितका ठाम सिद्ध झालेला नाही, म्हणून डॉक्टर माणूस बघून ठरवतात. आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. या रुग्णांत लक्षणं पुष्कळदा स्टिरॉइडचा डोस कमी करत आणताना वर येतात. घरच्यांना वाटतं, औषध कमी झालं म्हणजे धोका टळला. म्हणून त्या काळात कोरडा खोकला, बारीक ताप किंवा जिना चढताना नव्याने लागणारी धाप अंगावर काढू नये. छातीला स्टेथोस्कोप लावून काही ऐकू येत नाही असंही होतं, पण थोडं चालवलं की ऑक्सिजन घसरतो.

शंभर वर्षांचं म्हणाल, तर त्यातली बरीचशी ही बुरशी आहे हे कळण्यातच गेली. १९०९ मध्ये ब्राझीलमध्ये कार्लोस शागास या डॉक्टरांनी ती पाहिली, पण आपण शोधलेल्या परजीवीचीच ही एक अवस्था आहे असं त्यांना वाटलं. १९१२ मध्ये पॅरिसमध्ये देलानोए दांपत्याने उंदरांच्या फुफ्फुसांत ती पाहून हा वेगळाच जीव आहे हे ओळखलं. नाव मिळालं, पण कुणाला फारसं महत्त्व वाटलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात अपुऱ्या दिवसांची आणि कुपोषित बाळं एका विचित्र न्यूमोनियाने दगावत होती. तो याच जीवामुळे होतो हे १९५२ च्या सुमारास चेक संशोधकांनी दाखवलं. त्यांतल्या ओटो यिरोवेत्स यांच्यावरून माणसाच्या बुरशीला आज यिरोवेत्सी म्हणतात. मग ५ जून १९८१ ला अमेरिकेत लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना हा न्यूमोनिया झाल्याची छोटीशी नोंद छापून आली. एड्सची ती पहिली नोंद. तोपर्यंतही हा जीव अमिबाच्या जातकुळीतला एकपेशीय प्राणी समजला जात होता आणि त्याला सबळ कारण होतं: बुरशीची औषधं त्याच्यावर चालत नव्हती. १९८८ मध्ये त्याचा आरएनए वाचला, तेव्हा बुरशीशी नातं उघड झालं. औषधं का चालत नव्हती तेही पुढे समजलं. बुरशीची बहुतेक औषधं तिच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉल नावाच्या स्निग्ध पदार्थावर घाव घालतात. न्यूमोकिस्टिसच्या आवरणात ते नाहीच. तिथे कोलेस्टेरॉल आहे, तेही आपल्याकडून घेतलेलं.

आणि खरी अडचण पुढेच आहे. ही बुरशी शरीराबाहेर वाढत नाही. बाकीच्या जंतूंचं सोपं असतं: बशीत पेरा, वाढवा, औषध टाका, मरतात का बघा. हिची प्रयोगशाळेत टिकाऊ, भरवशाची वाढ अजून साधलेली नाही. कितीजणांनी आयुष्यातली किती वर्षं यात घातली असतील! तिचं जनुकीय वाचन झाल्यावर कारणाचा अंदाज आला. तिचा सगळा जनुकसंच सुमारे ८० लाख अक्षरांचा, म्हणजे बुरशीच्या मानाने लहानच. अमिनो आम्लं बनवणारी यंत्रणा तिने जवळजवळ सगळी टाकून दिली आहे. आयतं मिळतंय तर बनवायचं कशाला? भिंतीत कायटिनसुद्धा (बुरशीच्या भिंतीला बळकटी देणारा पदार्थ) ठेवलेलं नाही, बहुधा त्यावरून आपल्या पेशींनी तिला ओळखलं असतं म्हणून. जी जनुकं जपली आहेत त्यातली बरीच पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांची आहेत. ती ते बदलत राहते आणि प्रतिकारशक्तीला चकवते. यजमानाशी इतकी जुळून गेली आहे की उंदराची वेगळी, सशाची वेगळी, माणसाची वेगळी, आणि एकीची दुसऱ्याला लागण होत नाही. त्यामुळे उंदरावर प्रयोग करताना आम्ही माणसाची बुरशी वापरतच नसतो. हे कायम लक्षात ठेवून निष्कर्ष काढावे लागतात.

माझं स्वतःचं काम या अडचणीच्या कडेकडेने चालतं. ब्रॉन्कोस्कोपीत, म्हणजे श्वासनलिकेतून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, फुफ्फुसाचा एक भाग सलाईनने धुऊन जे पाणी परत ओढून घेतात, त्यातला उरलेला भाग आमच्याकडे येतो आणि उणे ८० अंशांवर राहतो. त्यात बुरशी किती, आपल्या पेशी कोणत्या, दाह किती, हे मी मोजते. पीसीआर ही जंतूची जनुकं शोधणारी चाचणी इतकी संवेदनशील आहे की आजारी नसलेल्या माणसातही ती पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण ही बुरशी काहीजणांच्या फुफ्फुसात त्रास न देता मुक्काम करून असते. मुक्काम कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो ती रेषा शोधणं, हे माझं काम. रक्तातल्या बीटा-ग्लुकानची (बुरशीच्या भिंतीतल्या पदार्थाची) तपासणी मदत करते, पण ती मुख्यतः आजार नाही हे सांगायला उपयोगी.

या मुक्कामाबद्दलच मला सर्वांत जास्त ओढ आहे. सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार) जितका तीव्र, तितकी फुफ्फुसात न्यूमोकिस्टिस सापडण्याची शक्यता जास्त, आणि धूम्रपानाचा हिशोब वेगळा काढला तरी हा संबंध उरतो. पण बिघडलेल्या फुफ्फुसात बुरशी राहायला येते की ती राहिल्याने फुफ्फुस बिघडतं? एचआयव्हीसारख्या विषाणूची लागण असलेल्या माकडांत, नुसत्या मुक्कामानंतर फुफ्फुसाला एम्फिसीमासारखी (वायुकोशांच्या भिंती नष्ट होण्याची) इजा झालेली दिसली आहे. माणसात हे अजून सिद्ध व्हायचंय. झालं, तर सीओपीडीकडे बघण्याची आपली रीत बदलेल, असं मला मनापासून वाटतं.

लस अजून नाही, तशी माणसाच्या कुठल्याच बुरशीजन्य आजारावर नाही. मुख्य औषध आजही को-ट्रायमोक्साझोलच. १९७० च्या दशकात कॅन्सर झालेल्या मुलांमध्ये त्याने हा न्यूमोनिया टाळता येतो हे दिसलं आणि ते आजतागायत टिकून आहे. म्हणून वडिलांच्या डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: स्टिरॉइड पुढे चालू राहणार असेल तर प्रतिबंधासाठी ही गोळी किती दिवस घ्यायची? दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन (नेहमी दिलं जाणारं स्टिरॉइड) महिनाभर चालणार असेल आणि सोबत प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध असेल, तर बहुतेक डॉक्टर तिचा विचार करतात. या गोळीत सल्फा असतं, त्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा, पर्याय आहेत.

आणि एक विनंती. पुन्हा कधी ब्रॉन्कोस्कोपी करायची वेळ आली आणि संमतीपत्रात उरलेला नमुना संशोधनासाठी ठेवू का असं विचारलेलं दिसलं, तर वडिलांना पटत असेल तर हो म्हणायला सांगा. माणसाची ही बुरशी आम्हाला दुसरीकडे कुठेच मिळत नाही.