मेळघाटात मास्तर म्हणून चाललास, तर एवढं वाच

प्रिय मित्रा,

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून नंबर लागला आणि थेट धारणी तालुका मिळाला म्हणून तू वैतागलायस हे फोनवरच कळलं. 16,000 मानधन, रेंज नाही, एसटीचा भरवसा नाही, त्या सगळ्याची सवय होते रे. मला बोलायचंय ते वर्गाबद्दल.

सुरुवातीला तुला वाटेल पोट्टे मठ्ठ आहेत. प्रश्न विचारला की खाली बघतात, फारच मागे लागलास तर "हो सर". केंद्राच्या मीटिंगमध्ये कोणीतरी सांगेलच, यांना काही येत नाही, तू कशाला जीव काढतोस. त्याचं बोलणं सोडून दे. ते पोरगं घरी कोरकू बोलतं, आणि कोरकू ही काही मराठीची बोलीबिली नाही, मुंडा कुळातली भाषा आहे, संथाली-मुंडारीच्या नात्यातली, म्हणजे तुला कोरकू जेवढी परकी तेवढीच त्याला तुझी मराठी. त्यांच्याकडे क्रियापदाला आपल्यासारखं बाई-पुरुष लागत नाही, म्हणून एखादी पोरगी बिनधास्त "आई आला" म्हणते आणि दुकानदाराची, कर्मचाऱ्यांची पोरं खी खी करतात. तू तेव्हा गालातल्या गालात जरी हसलास ना, तरी ती पुढे कितीतरी दिवस तोंड उघडणार नाही. तिच्या भाषेत दोघांसाठी वेगळं द्विवचन आहे बरं का, ते आपल्याला कुठे जमतंय.

पण नुसती भाषा नाही. मेळघाट 1973-74 पासून व्याघ्र प्रकल्प आहे, आतली काही गावं उठवली गेली, आणि गावात बाहेरून पँट-शर्टातला माणूस आला की तो बहुतेक फॉरेस्टचा नाहीतर तहसीलचा. त्याच्यासमोर आपला बाप कसा गप्प उभा राहतो हे पोरांनी बघितलेलं असतं. मग तू फळ्याजवळ उभा राहून "अरे बोल की" म्हणतोस तेव्हा ते पोरगं बापाकडून शिकलं तेच करतं. तू कितीही प्रेमळ अस, त्याच्यासाठी तू सरकारच.

म्हणून सुरुवातीचे महिने पोरं बोलत असताना मध्येच चुका काढू नको. कोरकूत सांगू दे, चौथीतली एखादी पोरगी तुला मराठी करून देईल. अंगणवाडीताई गावातली असेल तर तिच्याकडून कोरकू शिक आणि वर्गासमोर मोडकंतोडकं बोल, हसू दे त्यांना तुला, फार उपयोग होतो त्याचा. साहेब विचारतील हे काय चाललंय, तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 दाखव, शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा असं त्यातच लिहिलंय.

मार्च-एप्रिलमध्ये हजेरी पडेल, पोरं पहाटे मोहफुलं वेचायला जातात. रागावू नको. किती वेचली, व्यापाऱ्याने किती धरली, पैसे किती दिले, हे त्यांना तोंडपाठ असतं, तिथूनच वजाबाकी सुरू कर. पुस्तकातली सफरचंदं राहू दे.

आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना "एस्सी-एस्टीवाले उभे राहा" असं चुकूनही म्हणू नको, अजूनही म्हणतात लोक, सर्रास. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागायचं, शिपाई नसला की पाणी नाही. आज गोणपाट गेलं पण भर वर्गात यादी वाचून तेच काम होतं. एकेकाला जवळ बोलावून लिहून घे, वेळ लागतो, लागू दे. आदिवासी म्हणजे सगळे सारखे असंही धरून चालू नको, कोरकू गावात निहाल या दुसऱ्या आदिवासी समाजाच्या घरांना खालचं मानायची जुनी रीत आहे, तेव्हा कोण कोणाशेजारी बसत नाही, खिचडीच्या रांगेत कोण मागे राहतं, यावर लक्ष ठेव.

पालकसभा बाजाराच्या दिवशी लावू नको, कोणी येणार नाही आणि मग आपणच म्हणणार पालक उदासीन. सभेत तू खुर्चीवर आणि ते सतरंजीवर असंही नको, खालीच बस. आधी पोरांबद्दल त्यांनाच विचार, घरी काय काय कामं करतो, कशात हुशार आहे. काय काय सांगतात ते मला कळव, फोन लागला तर.

तुझा,
सर