आजोबा, पिक्चर बघायला बसता का?

प्रश्न: आम्ही जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहतो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. शाळेची मोठी सुट्टी ऑगस्टमध्ये असते, तेव्हा आम्ही पुण्याला, कोथरूडला माझ्या आईबाबांकडे येतो. बाबा ७४ वर्षांचे, मूळचे नारायण पेठेतले, बँकेतून निवृत्त. पावसात मुलं घरात अडकतात, म्हणून संध्याकाळी सगळ्यांनी मिळून एखादा ॲनिमेशनचा सिनेमा बघायचा असा माझा हट्ट असतो. गेल्या वर्षी बाबा दहा मिनिटांत उठले. "तुमचं कार्टून आटोपलं की जेवायला हाक मारा," म्हणाले आणि आत जाऊन बातम्या लावल्या. लेक हिरमुसली. नवरा सोफ्यावर असतो, पण डोकं फोनमध्ये. मी मात्र रंगून बघते, रडतेसुद्धा. मग आई हसते, "अगं, वय काय तुझं!" मोठ्या माणसांना हे सिनेमे खरंच आवडतात, की मुलांचं मन राखायला आपण आवडल्याचं दाखवतो? आणि बाबांना बसवायचं कसं?

उत्तर: बाबांना बसवू नका. "नातवंडांसाठी तरी बसा हो," म्हटलं की आजोबा बसतात, पण सिनेमा बघत नाहीत. सिनेमा बघणारी नातवंडं बघतात. तो कार्यक्रम दहा मिनिटांत संपतो आणि तुमचे बाबा नेमके दहा मिनिटांनीच उठले. हजेरी लावली, सही केली, निघाले. बँकेतल्या माणसाला साजेसंच झालं हे.

आता मुख्य प्रश्न. आवडतात, आणि मुलांचं निमित्त नसतानाही आवडतात. २००९ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाची सुरुवात 'अप' या ॲनिमेशनपटाने झाली. तिथे असं पहिल्यांदाच घडत होतं. नायक कोण, तर कार्ल नावाचा ७८ वर्षांचा विधुर. सुरुवातीलाच त्याच्या आणि त्याची बायको एलीच्या संसाराची काही मिनिटं आहेत, एकही संवाद नसलेली. दक्षिण अमेरिकेतल्या एका धबधब्यापाशी जायचं म्हणून दोघं काचेच्या बरणीत चिल्लर साठवत असतात. गाडीचा टायर बसतो, बरणी फोडावी लागते. कार्लचा पाय मोडतो, पुन्हा बरणी. छपरावर झाड पडतं, पुन्हा बरणी. असं करता करता दोघांचे केस पांढरे होतात आणि धबधबा राहतो तो राहतोच. तुमच्या पाच वर्षांच्या मुलाला यात खळ्ळकन फुटणारी बरणी दिसेल आणि ती त्याला जाम आवडेल. मुदतीआधी एफडी मोडायला आलेली माणसं ज्यानं उभा जन्म काउंटरपलीकडून पाहिली, त्याला काय दिसेल? एकाच खोलीत, एकाच पडद्यावर दोघं दोन वेगळे सिनेमे बघतात आणि कुणीच कुणाचं मन राखत नसतं.

पण सगळेच सिनेमे असे नसतात, हेही सांगायला हवं. दर तीन मिनिटांनी कुणीतरी किंचाळतं, प्राणी एकमेकांच्या अंगावर धडपडतात आणि शेवटी सगळे मिळून नाचतात, असला माल ढिगाने निघतो. चौथ्या-पाचव्या भागाचं तर विचारूच नका. तो बघताना मोठ्यांना जांभया आल्या, तर त्यांची आवड शाबूत आहे असं समजावं. गेल्या वर्षी कुठला सिनेमा लावला होता ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा संशय बाबांवर नाही, त्या सिनेमावर आहे.

यंदा माझं ऐकाल तर 'फ्लो' लावा. लाटव्हियाच्या गिंट्स झिलबालोदिस या तरुण दिग्दर्शकाचा हा २०२४ चा सिनेमा. २०२५ साली त्याला ऑस्कर मिळालं, त्या चिमुकल्या देशाचं पहिलंवहिलं. ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर तो तयार केलाय, हे नवऱ्याला सांगा, कदाचित फोन खाली ठेवतील. गोष्ट एका मांजराची. पाणी चढत जातं, जग बुडतं, आणि मांजर, कुत्रा, लेमूर, कॅपिबारा आणि एक लांब पायांचा पक्षी अशी एकमेकांशी अजिबात न जमणारी मंडळी एका होडीत येतात. कुणी बोलत नाही. मांजर मांजरासारखं गुरगुरतं, कुत्रा कुत्र्यासारखा भुंकतो, आणि सगळं मिळून दीड तासाच्या आत संपतं.

तुमच्या घरी याचा मोठा फायदा आहे. जर्मनीत वाढणारी मुलं बहुतेक सिनेमे जर्मन आवाजात बघतात. तिथून टॅबवर उतरवून आणलेला सिनेमा बाबांना कळणार नाही. पुण्यात हिंदीत लावलात तर मुलं "हा आवाज त्याचा नाहीच!" म्हणून कटकट करतील. इंग्रजी लावून खाली अक्षरं घेतली तर मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती पुरत नाहीत. मग नऊ वर्षांच्या मुलीला दुभाषी व्हावं लागतं आणि तिचा सिनेमा हातचा जातो. 'फ्लो'मध्ये हा घोळच नाही. आजोबा आणि नात एका पायरीवर. शिवाय देश बदलला की ओटीटीवरची यादीही बदलते, तेव्हा हवा तो सिनेमा इथे मिळतोय का हे मुलांना कबूल करायच्या आधी बघून ठेवा. ऐन वेळी शोधाशोध सुरू झाली की बाबा पुन्हा बातम्यांकडे वळलेच म्हणून समजा.

'फ्लो' सुचवण्याचं दुसरं कारण निखळ पुणेरी आहे. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि निम्मं पुणं ते बघायला काठावर जमतं. मुलांना एकदा लांबून दाखवून आणा. त्याच संध्याकाळी सिनेमा लावा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. तुमचे बाबा तेव्हा साधारण तुमच्या लेकीएवढे, आणि नारायण पेठ ऐन नदीकाठची. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, कोण कुणाच्या माडीवर गेलं, काय वाहून गेलं, हे त्या वयाच्या पुणेकराला आठवावं लागत नाही, फक्त विषय निघावा लागतो. पडद्यावर पाणी चढायला लागलं की तो आपोआप निघेल. मध्येच बोलायला लागले तर "बाबा, नंतर" म्हणू नका, सिनेमा थांबवा. हा सिनेमा पुन्हा बघता येईल. एक पथ्य मात्र पाळा. काही घरांत त्या दिवसाबद्दल फारसं बोललं जात नाही. ते गप्प बसले तर खोदून विचारू नये.

बोलावणं लेकीनं द्यावं. तुम्ही दिलंत तर तो आग्रह होतो, तिनं दिलं तर कामगिरी. "आजोबा, माझ्याजवळ बसा ना" यापेक्षा "आजोबा, यातलं पाणी खऱ्यासारखं चढतं का ते सांगा" हे जास्त चालेल. वेळ त्यांच्या बातम्या संपल्यानंतरची. दुपारी एक ते चार हा विचारही नको, कारण सांगायला नको. खुर्ची त्यांची रोजचीच, सोफ्यावर मध्ये कोंबू नका. आणि संपल्या संपल्या "किती छान संदेश होता, नाही?" असं कुणीही म्हणू नये. एवढ्या एका वाक्यानं भलेभले आजोबा पुढच्या वेळी गळतात. ते म्हणतील, मांजर इतकं पोहत नसतं. म्हणू द्या. लेक भांडली तर दुधात साखर. पुण्यात एखाद्या गोष्टीत चूक काढली जाते म्हणजे ती नीट बघितली गेलीय.

तरीही "आम्ही नाही बुवा असलं बघत" आलंच, तर १९९३ ची आठवण करून द्या. रविवारी दूरदर्शनवर मोगली लागायचा. मालिका जपानी, आवाज हिंदी, आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. तुम्ही तेव्हा फतकल मारून टीव्हीसमोर बसत असाल. बाबा पेपर उघडून मागे बसलेले असायचे का, आणि शेरखान आला की पेपर खाली यायचा का, हे आईला विचारा. आईंना नक्की आठवत असेल.

आता तुमचं रडणं. २०१५ चा 'इनसाइड आउट' तुम्ही बघितला असणारच. अकरा वर्षांची रायली मिनेसोटाहून सॅन फ्रान्सिस्कोला येते आणि आई-वडिलांना काळजी वाटू नये म्हणून हसरा चेहरा धरून ठेवते, शेवटी ते जमेनासं होतं. गाव, भाषा, शेजार सोडून दुसरीकडे घर मांडलेल्या बाईला हा सिनेमा बघून रडू आलं नाही तरच नवल. त्यात वयाचा काय संबंध? आईंना हसू द्या, त्या थट्टेनं हसतात. मुलांनी आईला सिनेमा बघून डोळे पुसताना पाहिलं तर काहीच बिघडत नाही. फक्त डोळे पुसून झाल्यावर लेकीला समोर बसवून "तुलाही असं वाटतं का गं तिकडे?" ही उलटतपासणी नको. तिला वाटत असेल तर ती दोन दिवसांनी, भलत्याच वेळी, केस विंचरून घेताना बोलेल.

धाकट्याबद्दल थोडं. चित्रं काढलेली आहेत म्हणजे मुलांचंच आहे, असं धरून चालू नका. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा १९८८ चा जपानी सिनेमा दुसऱ्या महायुद्धात उघड्यावर पडलेल्या भावाबहिणीचा आहे. फार मोठा सिनेमा, पण मुलं झोपल्यावर तुम्ही आणि नवऱ्यानं बघायचा. तिकडे जर्मनीत सिनेमाच्या डब्यावर एफएसके या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेचे ०, ६, १२ असे आकडे असतात, आपल्याकडेही २०२४ पासून सेन्सॉरच्या यूए प्रमाणपत्रात ७+, १३+, १६+ असे भाग पडलेत. भीतीचा अंदाज घ्यायला ते उपयोगी आहेत, ते बघत जा. 'फ्लो'मध्येही पाण्याचे एकदोन प्रसंग धास्तावणारे आहेत, तेव्हा त्याला मांडीवर घ्या. आणि घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर 'अप' सरळ पुढच्या वर्षावर टाका. २०१७ चा 'कोको'सुद्धा. त्यात मेक्सिकोतली घरं वर्षातून एकदा गेलेल्यांचे फोटो मांडतात, आणि ज्याचा फोटो मांडला नाही त्याला घरी येता येत नाही. पितृपक्ष पाळणाऱ्या आईंना हे कुणी समजावून सांगावं लागणार नाही, पण आदल्या दिवशी त्यांना कल्पना देऊन ठेवा.

राहिले नवरोबा. त्यांना काही बोलू नका, पुढच्या शनिवारचा सिनेमा निवडायचं काम त्यांच्या गळ्यात घाला. अट एकच, मुलांना विचारायचं नाही, स्वतःला आवडेल तो आणायचा. स्वतः निवडलेला सिनेमा चालू असताना माणूस फोन बघत नाही, निदान पहिली वीस मिनिटं तरी.