खाण्याचा इसेन्स वाफेत चालतो का?

वाचकांचे प्रश्न : घरी वेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, लिक्विड बनवणाऱ्यांकडून आलेले, सगळे फ्लेवरबद्दलचे.

प्रश्न : केकसाठी आणलेल्या व्हॅनिला इसेन्सच्या बाटलीवर 'खाद्य दर्जा' असं छापलं आहे. तो लिक्विडमध्ये घातला तर चालेल ना?

नाही. 'खाद्य दर्जा' याचा अर्थ पोटात गेल्यावर सुरक्षित, एवढाच. पोटात गेलेल्या पदार्थावर आधी जठर, मग यकृत काम करतं. वाफेतून गेलेला पदार्थ थेट फुप्फुसाच्या नाजूक अस्तरावर बसतो. डायअसिटाइल या लोण्याच्या वासाच्या रसायनाचं उदाहरण बोलकं आहे. खाण्यात त्याला परवानगी आहे. पण २००० साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या, त्याची वाफ श्वासात घेणाऱ्या कामगारांच्या बारीक श्वासनलिकांवर व्रण पडून त्या आकसल्याचं उघड झालं. ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स नावाचा हा आजार बरा होत नाही.

शिवाय स्वयंपाकाच्या इसेन्समध्ये साखर, रंग, डिंक, तेल यांपैकी काहीही असू शकतं. साखर कॉइलवर, म्हणजे लिक्विड तापवणाऱ्या तारेवर, जळते आणि त्रासदायक अल्डिहाइडं तयार होतात. तेल त्याहून वाईट: ते फुप्फुसातून सहज निघत नाही आणि लिपॉइड न्यूमोनिया, म्हणजे तेलामुळे होणारा फुप्फुसाचा दाह, होऊ शकतो. व्हिटॅमिन ई असिटेट हे तेलकट द्रव्य गोळीतून गिळलं किंवा त्वचेला लावलं तर सहसा त्रास होत नाही. पण २०१९मध्ये अमेरिकेत, मुख्यतः गांजाच्या अर्काच्या कार्ट्रिजमध्ये ते मिसळल्याचं आढळलं. फेब्रुवारी २०२०पर्यंत तिथे वेपशी जोडलेल्या फुप्फुसाच्या इजेचे २,८००हून जास्त रुग्ण रुग्णालयात गेले आणि ६८ जणांचा मृत्यू झाला.

म्हणून पहिला नियम: पुदिना, लिंबू, लवंग यांची सुगंधी तेलं आणि तेलात विरघळवलेला कोणताही फ्लेवर बाद. शंका असेल तर ५ मिली पीजीमध्ये, म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये, १० थेंब टाकून जोरात हलवा आणि दिवसभर ठेवा. वर तवंग आला, थेंब वेगळे दिसले किंवा गढूळपणा राहिला तर फेकून द्या. मात्र स्वच्छ राहिलं म्हणजे पास झालं असं नाही. काही सुगंधी तेलं पीजीत थोडीफार विरघळतात, त्यामुळे या चाचणीत ती पकडली जात नाहीत.

प्रश्न : विक्रेता 'डायअसिटाइल-मुक्त' म्हणतो. तेवढं पुरे का?

पुरे नाही. डायअसिटाइलकडे बोट दाखवलं गेल्यावर अनेक फ्लेवरमध्ये त्याच्या जागी असिटिल प्रोपियोनिल, म्हणजे २,३-पेंटेनडायोन आलं. रेणूत एका कार्बनचा फरक, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत श्वासनलिकांना तशीच इजा. तिसरं नाव असिटॉइन. ते स्वतः सौम्य असलं, तरी बाटलीत पडून राहिलं की त्याचंच हळूहळू डायअसिटाइल होतं, आणि निकोटीनमुळे लिक्विड अल्कधर्मी झालेलं असेल तर आणखी लवकर. कस्टर्ड, लोणी, कॅरॅमल, क्रीम अशा फ्लेवरमध्ये हे त्रिकूट हमखास शोधावं.

सुरक्षा माहितीपत्रक मागा आणि त्यात नावांपेक्षा कॅस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ठरलेला नोंदणी क्रमांक, पाहा, कारण एकाच रसायनाला चार नावं असतात. डायअसिटाइल ४३१-०३-८, असिटिल प्रोपियोनिल ६००-१४-६, असिटॉइन ५१३-८६-०. पण एक मोठी फट आहे: बऱ्याच घटकांचं प्रमाण १ टक्क्याच्या खाली असेल तर ते या पत्रकात लिहावंच लागत नाही. समजा फ्लेवरमध्ये ०.५ टक्के डायअसिटाइल आहे, पत्रक कोरं. असा फ्लेवर तुम्ही १० टक्के घातला तर प्रत्येक मिली लिक्विडमध्ये साधारण ५०० मायक्रोग्रॅम डायअसिटाइल आलं. हे प्रमाण मुळीच किरकोळ नाही.

म्हणून प्रयोगशाळेचा जीसी-एमएस अहवाल, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या चाचणीचा अहवाल, हवाच. त्यावरचा बॅच क्रमांक बाटलीशी जुळला पाहिजे. 'आढळलं नाही' या शब्दांशेजारी शोधमर्यादा, म्हणजे चाचणीला पकडता येणारं सगळ्यात कमी प्रमाण, लिहिलेली असावी. मर्यादा १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) असेल तर त्या शब्दांना वजन आहे, १०० पीपीएम असेल तर फारसं नाही. अहवाल द्यायला टाळाटाळ करणाऱ्याचा फ्लेवर आम्ही कुणालाही सुचवणार नाही, चव कितीही चांगली असो.

प्रश्न : दालचिनीचा फ्लेवर घातल्यावर वेपच्या लिक्विडच्या टाकीला तडे गेले. घसाही जळतो.

दोन्हींमागे सिनामाल्डिहाइड आहे, कॅस क्रमांक १०४-५५-२. पॉलिकार्बोनेट प्लास्टिकला ते तडे पाडतं. काचेची टाकी बसवली तर टाकी वाचेल, तुमची श्वासनलिका नाही: प्रयोगशाळेत या रसायनानं श्वासनलिकेतल्या पेशींच्या केसलांची हालचाल मंदावलेली दिसली आहे. कफ वर ढकलण्याचं काम ती केसलंच करतात. हा फ्लेवर सोडून द्या.

गोडीसाठी सुक्रालोजही नको. तापल्यावर त्यातून क्लोरीनयुक्त संयुगं निघतात आणि कॉइलवर काळा थर साचतो.

प्रश्न : प्रमाण किती ठेवावं?

जमेल तितकं कमी. एकच फ्लेवर घेऊन २ टक्क्यांपासून सुरुवात करा, ५च्या वर शक्यतो जाऊ नका. चव लागत नाही म्हणून लगेच वाढवू नका. एकच वास सतत घेतला की नाक त्याला सरावतं.

थेंब मोजू नका, ड्रॉपरनुसार थेंबाचा आकार बदलतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. औषधी दर्जाचं पीजी आणि ग्लिसरीन वापरून, निकोटीनशिवाय ३० मिली, पीजी-ग्लिसरीन ३०:७० प्रमाणात आणि ५ टक्के फ्लेवर घालून करायचं असेल तर: फ्लेवर १.५ मिली म्हणजे सुमारे १.५५ ग्रॅम, पीजी ७.५ मिली म्हणजे ७.८ ग्रॅम, ग्लिसरीन २१ मिली म्हणजे २६.५ ग्रॅम. फ्लेवर पीजीत विरघळवलेला असतो, म्हणून तो पीजीच्याच वाट्यात धरला आहे. बाटलीवर तारीख, बॅच आणि टक्के लिहा. बाटली अंधारात, मुलांच्या हाताला न लागेल अशी ठेवा.

प्रश्न : मग सगळ्यात सुरक्षित फ्लेवर कोणता?

असा फ्लेवर नाही. बिनफ्लेवरच्या लिक्विडमध्ये निदान हा एक धोका नसतो. धूम्रपान न करणाऱ्यानं तर यात पडूच नये. खोकला, दम लागणं, छातीत दुखणं किंवा ताप यांपैकी काही सुरू झालं तर वेप लगेच थांबवून डॉक्टरांकडे जा, आणि लिक्विडची बाटली व लिहून ठेवलेलं प्रमाण सोबत न्या.